तेसोमधला हातपंप : नवी बोअर घेण्याआधी जुना पाईप उपसून पाहा

युगांडाच्या पूर्वेकडील तेसो भागातल्या एका गावात पाण्याचे आणि बचतीचे काम सुरू करून परत आलो, त्याला आठ दिवस झाले. अंगातला थकवा अजून उतरलेला नाही आणि फसवले गेल्याचा रागही शमलेला नाही. तरीही आपल्यापैकी काही जण येत्या डिसेंबरात तिकडे असेच काम उभे करायला निघाले आहेत, म्हणून लगेच लिहितो आहे. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घेणे, ई-व्हिसा, मलेरियाच्या गोळ्या आणि रोज आठ-दहा किलोमीटर चालण्याची सवय हे सारे मी गृहीत धरतो.

कंपालाहून जिंजा, म्बाले या मार्गाने सोरोटीपर्यंतचा रस्ता डांबरी आहे. बसने एक दिवस जातो, त्रास काही नाही. त्रास सोरोटीनंतर सुरू होतो. शेवटचा टप्पा लाल मुरमाचा, आणि मध्ये एक दलदल. मी एप्रिलमध्ये गेलो, कारण पावसाने तिथे काही अडत नाही असे मला कळवण्यात आले होते. प्रत्यक्षात दलदलीपाशी बोडा, म्हणजे तिकडची भाड्याची मोटारसायकल, चाकाच्या आसापर्यंत रुतली आणि अवजारांची पेटी डोक्यावर घेऊन आम्ही दीड तास चालत गेलो. मार्च ते मे या काळात तिकडे जाऊच नये. बोड्याचे भाडे निघण्यापूर्वी गावातल्या माणसाकरवी ठरवावे. ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय माणूस, दिसला की ते दुप्पट होते.

मात्र खरी अडचण रस्त्याची नव्हती. ‘गावात पाण्याची कसलीही सोय नाही, नवी बोअर हवी,’ असे मला सांगितले गेले होते आणि त्याच भरवशावर मी वर्षभर पैसे जमवले होते. पोहोचलो तर गावात दोन हातपंप उभे होते, दोन्ही बंद, आणि बायका पहाटे दलदलीच्या कडेच्या झऱ्यावर पिवळे वीस लिटरी कॅन घेऊन जात होत्या. पंप पाहून मला भरून आले. युगांडात ज्याला यू-टू म्हणतात तो आपलाच इंडिया मार्क टू, आणि त्याचे मूळ जालना व सोलापूर इथल्या मिशनच्या लोकांनी बनवलेल्या पंपांत आहे. १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने सोलापूरच्या नमुन्यावरूनच तो तयार झाला. आपल्याकडे हा पंप मी वीस वर्षे दुरुस्त करत आलो आहे, त्यामुळे मला वाटले की वॉशर बदलले की काम झाले. तिथेच चुकलो.

सोरोटीतल्या एका दुकानदाराने आणि त्याने सुचवलेल्या मिस्त्रीने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप ‘आयुष्यभराचे’ म्हणून मला दीडपट भावाने विकले. मी जुने पाईप न उपसताच पैसे दिले. दुसऱ्या दिवशी तिकाटणे, म्हणजे पाईप ओढायची तिपाई, उभारून जुना पाईप वर ओढला, तेव्हा तिसऱ्या लांबीचा, म्हणजे तिसऱ्या तुकड्याचा, आट्यांजवळचा भाग हातातच मोडला. भोके इतकी की आतला दांडा बाहेरून दिसत होता, आणि अंगठ्याने दाबल्यावर तांबूस पापुद्रे सुटत होते. हा पाईप जुनाट नव्हता. चौथ्या वर्षीच त्याची ही दशा झाली होती. आपल्या बेसाल्टमधले पाणी बहुधा अल्कधर्मी असते, म्हणून तिथे हा मुलामा टिकतो. तेसोखाली ग्रॅनाइट आणि नाइस हे प्राचीन खडक आहेत, आणि त्यातले पाणी अनेक ठिकाणी आम्लधर्मी. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जस्त लोखंडाला वाचवत नाही. आमच्या पीएच तपासायच्या पट्टीवर तो सहाच्या आत आला. पाणी लाल होते, कपड्यांवर डाग पडतात, चहा काळा होतो, आणि लोक चालू पंप सोडून झऱ्यावर परत जातात. युगांडाच्या जल मंत्रालयाने २०१६ मध्येच हातपंपांत असे पाईप घालणे बंद केले आहे. ते मला ठाऊक नव्हते, विकणाऱ्याला नक्कीच ठाऊक असावे.

पंप चालू असेल तर तपासणी सोपी आहे. रात्रभर पंप बंद ठेवावा, पहाटे पहिल्या उपशाचे पाणी एका बाटलीत घ्यावे, तासभर सतत उपसून दुसरी बाटली भरावी. पहिली लाल आणि दुसरी स्वच्छ असेल, तर लोह खडकातले नसून पाईपातले आहे. दोन्ही लाल असतील, तर ते बहुधा भूजलातलेच, आणि पाईप बदलून उपयोग होणार नाही. ही एवढी परीक्षा झाल्याशिवाय एकही शिलिंग कोणाच्या हाती ठेवू नका.

दुसरी चूक बैठकीची. पहिल्याच बैठकीला येणाऱ्यांना मी प्रवासभत्ता दिला, ज्याला तिकडे ‘फॅसिलिटेशन’ म्हणतात. त्यानंतर भत्त्यावाचून एकही बैठक भरेना. भत्ता अजिबात देऊ नका. त्याऐवजी गावप्रमुख, म्हणजे एलसी-वन या गावपातळीच्या परिषदेचे अध्यक्ष, आणि सब-काउंटी या जिल्ह्याखालच्या विभागातले समाजविकास अधिकारी यांना आधी भेटा. संस्था म्हणून काम करणार असाल तर जिल्ह्याची मंजुरी आणि स्थानिक शासनाशी करार २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

काम अखेर पुढे नेले ते बायकांच्या बचतगटाने. आपल्या गटासारखाच, पण बँकेविना: लोखंडी पेटी, तिला तीन कुलुपे, तीन किल्ल्या तीन घरांत. पेटी उघडताना तिघी रांगेत बसतात आणि सर्वांसमोर नाणी मोजली जातात. खजिनदार बाईंनी मला सरळ विचारले, ‘पाच वर्षांनी पाईप सडला तर पैसे कोण देणार?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, त्यांच्याजवळ होते. दर घराने पंपासाठी दरमहा वेगळी रक्कम पेटीत टाकायची, आणि हिशेब सब-काउंटीच्या पंप मेकॅनिकला दाखवायचा. ते ठरले त्या रात्री मला फार समाधानाची झोप लागली.



एक पंप आता स्टेनलेस पाईपावर चालतो आहे. दुसऱ्याचे पाईप अजून वर काढायचे आहेत. सोरोटीत मला स्टेनलेस पाईप मिळाले नाहीत, ते कंपालाहून मागवावे लागतात. मागवताना निम्मीच रक्कम आगाऊ द्या, प्रत्येक लांबी चुंबक लावून पाहा आणि चुंबक घट्ट चिकटला तर ती परत करा. दुकानातले तिकाटणे भाड्याने घेऊ नका. सब-काउंटीच्या मेकॅनिककडे आहे आणि तो ते विनामूल्य देतो, फक्त आदल्या दिवशी सांगावे लागते.