जॅझ शोधवही, भाग १: लीडर सोडा, ड्रमर पकडा

गाण्याच्या मैफलीला जाताना आपण "तबल्याला कोण?" असं विचारतोच. जॅझमधलं नवं शोधताना मात्र हाच जाणता श्रोता 'मॉडर्न जॅझ' असा टॅग टाकतो, समोर येईल ते ऐकतो आणि पंधरा दिवसांत कंटाळतो. या वहीची पद्धत मैफलीचीच आहे. एक अल्बम घ्यायचा, त्यातले सगळे वादक उतरवायचे आणि ज्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं त्याच्या मागे जायचं. छोट्या लेबलांकडे, म्हणजे अल्बम काढणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे, जाहिरातीला पैसा नसतो. तिथे वादक एकमेकांना बोलावतात, आणि चांगला ड्रमर एकाच वर्षात चार-पाच वेगवेगळ्या लेबलांवर सापडतो. त्यामुळे त्याच्या नावानं जितकी दारं उघडतात, तितकी कुठल्याही शैलीच्या नावानं उघडत नाहीत.

वहीची मांडणी

साधी स्प्रेडशीट पुरते, पण एक ओळ म्हणजे एक अल्बम असं करू नका. एक ओळ म्हणजे एक वादक. चौकडीचा अल्बम असेल तर चार ओळी. रकाने असे: वादक, वाद्य, अल्बम, लीडर (ज्याच्या नावावर अल्बम निघतो तो), लेबल, वर्ष, म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या माहितीसाठ्यातला क्रमांक, शेरा. मग काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लावलं की कोणतं नाव किती वेळा आलं ते लगेच दिसतं. अल्बमनिहाय ओळ केली तर सगळे वादक एकाच चौकटीत कोंबले जातात आणि मोजणी होत नाही. पहिल्या प्रयत्नात ही वही जिथे अडते, ती जागा हीच.

नावं रोमन लिपीतच ठेवा, शेरे मराठीत लिहा. शोध रोमन स्पेलिंगवर चालतो आणि एक अक्षर चुकलं तरी ओळ सुटी पडते. उदाहरणार्थ, टॉमस फुजिवाराच्या पहिल्या नावात 'एच' नाही, आणि जेमी ब्रांचच्या पहिल्या नावात 'जे'नंतर 'ए' आणि 'आय' दोन्ही येतात.

नोंद १: सुरुवातीचा अल्बम

सुरुवातीला जेमी ब्रांचचा 'फ्लाय ऑर डाय' घेतला. २०१७ साल, लेबल शिकागोचं इंटरनॅशनल अँथम (स्थापना २०१४). ट्रम्पेट ब्रांच, चेलो टोमिका रीड, डबल बास जेसन अजेमियन, ड्रम्स चॅड टेलर. पाहुणे तिघे: गिटारवर मॅट श्नायडर, कॉर्नेटवर जॉश बर्मन आणि बेन लमार गे. म्हणजे सात ओळी.

सुरुवातीला असाच अल्बम निवडावा: मूळ संच छोटा, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येणारं आणि पाहुणे दोन-तीनच. इथे पियानो नाही, त्यामुळे मधली जागा मोकळी राहते. बास आणि चेलो मिळून एक घट्ट ठेका धरतात आणि ट्रम्पेट त्याच्यावर मोकळं फिरतं. ब्रांच ऑगस्ट २०२२ मध्ये गेली. याच बँडचा शेवटचा अल्बम २०२३ मध्ये आला, पण तो नंतर ऐका. आधी पहिला पाठ होऊ द्या.

ऐकण्याचा क्रम: पहिल्यांदा वादकांची यादी न बघता. दुसऱ्यांदा फक्त बासवर लक्ष ठेवून. लहान मोबाईल स्पीकरवर बास जवळजवळ गायब होतो, तेव्हा हेडफोन लावाच. तिसऱ्यांदा फक्त ड्रम्स. पहिली तीस सेकंदं ऐकून निकाल देण्याची सवय इथे घात करते, कारण सुरुवातीला बहुधा नुसती धून असते आणि खरी रचना सोलोंमध्ये उलगडते. वेळ कमीच असेल तर रचनेच्या साधारण साठ टक्क्यांवर जाऊन दोन मिनिटं ऐका.

नोंद २: चॅड टेलरचा धागा

टेलरच्या नावावरून दोन अल्बम हाती लागले, दोन्हींचा लीडर टेनर सॅक्सोफोनवादक जेम्स ब्रँडन लुईस. पहिला 'मॉलेक्युलर', २०२०, झुरिकचं इंटाक्ट लेबल: लुईस, पियानोवर आरुआन ऑर्टिझ, बासवर ब्रॅड जोन्स आणि टेलर. दुसरा 'जेसप वॅगन', २०२१, ड्रमर व्हिट डिकीचं टाओ फॉर्म्स लेबल: लुईस, कॉर्नेटवर कर्क नफकी, चेलोवर क्रिस हॉफमन, बासवर विल्यम पार्कर आणि टेलर. हा दुसरा अल्बम कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यावर बेतलेला आहे. शेतकऱ्यांच्या दारी ज्ञान नेणारी त्यांची फिरती गाडी म्हणजे जेसप वॅगन. दोन्हींत 'जेसप वॅगन' उजवा. पार्करचा बास आणि हॉफमनचा चेलो एकमेकांत मिसळतात तेव्हा खाली जमीन असल्यासारखं वाटतं आणि टेलर त्या जमिनीवर अगदी कमी शब्दांत बोलतो.

चूक होते ती इथे. डिस्कॉग्ज या अल्बमांच्या माहितीसाठ्यावर 'चॅड टेलर' शोधलं की लाइव्ह या रॉक बँडचा माजी गिटारवादकही याच नावाचा निघतो. ब्रॅड जोन्स नावाचा एक निर्माता नॅशव्हिलमध्येही आहे. डिस्कॉग्ज समान नावांपुढे कंसात आकडा देतं आणि म्युझिकब्रेन्झ प्रत्येकाला ३६ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक देतं. म्हणून वहीत तो रकाना आहे. स्ट्रीमिंग सेवांवर समान नावांची गल्लत याहून जास्त. तिथे 'याच कलाकाराचे आणखी अल्बम' या यादीवर विसंबू नका, वाद्य आणि लेबल पडताळा.

नोंद ३: चेलोकडून गिटारकडे, तिथून व्हायब्राफोनकडे

टोमिका रीडच्या चौकडीचा 'ओल्ड न्यू', २०१९, क्युनिफॉर्म रेकॉर्ड्स: चेलो रीड, गिटार मेरी हॅल्व्हरसन, बास जेसन रोबकी, ड्रम्स टॉमस फुजिवारा. चार अल्बम झाले, ओळी २०. मोजणी: टेलर ३, रीड २, लुईस २. वाद्यांचा रकाना पाहिला तर चेलो तीनदा. एवढ्या लहान वहीतही एक कल दिसतो आणि पुढे काय शोधायचं ते कळतं.

हॅल्व्हरसनचा 'अमॅरिलिस' (२०२२) नॉनसचचा. नॉनसच वॉर्नरच्या घरातलं, म्हणजे स्वतंत्र नव्हे. तरीही वहीत घेतला, कारण धागा तिथूनच पुढे जातो: ट्रम्पेट अ‍ॅडम ओ'फॅरिल, ट्रॉम्बोन जेकब गार्चिक, व्हायब्राफोन पॅट्रिशिया ब्रेनन, बास निक डन्स्टन, ड्रम्स पुन्हा फुजिवारा.

ब्रेननच्या नावावरून पायरोक्लास्टिक रेकॉर्ड्स सापडलं. पियानोवादक क्रिस डेव्हिस हिनं काढलेलं हे लेबल सध्या डोळे मिटून ऐकावं असं आहे. 'ब्रेकिंग स्ट्रेच', २०२४, सात जण: ब्रेनन, सॅक्सोफोनवर जॉन इराबॅगॉन आणि मार्क शिम, ट्रम्पेटवर ओ'फॅरिल, बासवर किम कॅस, ड्रम्सवर मार्कस गिलमोर, तालवाद्यांवर मॉरिसियो हेरेरा. ओळी ३३. यातला गिलमोर महत्त्वाचा. थोर ड्रमर रॉय हेन्स यांचा हा नातू, आणि पियानोवादक विजय अय्यरच्या त्रयीत, २००९च्या 'हिस्टॉरिसिटी'वर ड्रम्स त्याचेच.

नोंद ४: तीनतालापर्यंत

विजय अय्यरकडून रुद्रेश महंतप्पाकडे जाणं ओघानंच येतं, दोघांनी बरीच वर्षं एकत्र वाजवलं आहे. महंतप्पाचा 'किन्समेन', २००८, न्यूयॉर्कचं पाय रेकॉर्डिंग्ज. दोन आल्टो सॅक्सोफोन: एक महंतप्पाचा, दुसरा कर्नाटक संगीतातले कद्री गोपालनाथ यांचा. सोबत व्हायोलिनवर ए. कन्याकुमारी, गिटारवर रेझ अब्बासी, मृदंगमवर पूवालूर श्रीजी. दोन्ही सॅक्सोफोन वेगळे ओळखण्याची खूण: स्वर गमकासह हलवत, एकाचा दुसऱ्यात ओढत नेणारे गोपालनाथ, स्वराच्या कडा तीक्ष्ण ठेवून झपाट्यानं खाली-वर जाणारा महंतप्पा.

त्याच वर्षीच्या 'आप्ती'मध्ये महंतप्पा आणि अब्बासी यांच्याबरोबर तबल्यावर डॅन वाइस आहे. मराठी कानांसाठी या सगळ्या वहीतलं सर्वांत मोलाचं नाव हेच. वाइस मुळात ड्रमर. तबला तो समीर चॅटर्जी यांच्याकडे शिकला आणि २००५ मध्ये त्यानं 'तीनताल ड्रमसेट सोलो' काढला. नावात आहे तेच आत आहे: तबल्याचा एकल तीनताल, पण ड्रमसेटवर. २०११ मध्ये झपतालाचा अल्बमही आला.

हे ऐकताना हातावर टाळी धरा: सोळा मात्रांत १, ५, १३ला टाळी, ९ला काल (खाली). कायदा (ठरावीक बोलांवर बांधलेली रचना) सुरू झाला की मूळ बोल ओळखा आणि पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या उलटापालटी, मोजा. बायाची (डग्ग्याची) घुमक बास ड्रम आणि टॉमवर कशी वाटली आहे, चाटीचे बोल स्नेअरवर कुठे येतात, तिहाई समेवर नेमकी कशी पडते, हे ज्याला ठेका माहीत आहे त्यालाच पुरतं कळेल. अमेरिकेतला बराचसा जॅझ श्रोता हे 'अवघड लय' म्हणून ऐकतो. आपल्याला त्यात व्याकरण दिसतं. ड्रमसेटवर मींड येत नाही, त्यामुळे बायाचा दाब देऊन काढलेला चढ-उतार इथे नाही. ती उणीव आहेच, आणि वाइस ती आवाजाच्या जोरातल्या फरकांनी भरून काढतो. आधी हा सोलो आणि मग पाय रेकॉर्डिंग्जवरचा त्याचा 'फोर्टीन' (२०१४) असा क्रम ठेवा. मोठ्या संचातली गणितं मग आपोआप उलगडतात.

नोंद ५: खरेदी

यातलं बरंचसं बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर मिळतं. डिजिटल विक्रीत बँडकॅम्प १५ टक्के घेतं. ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडतं. 'बँडकॅम्प फ्रायडे' मार्च २०२० पासून चालू आहे, पण दर महिन्याला असतोच असं नाही, तारीख आधी बघा. वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. आपल्याकडे तो उन्हाळी वेळेत शुक्रवारी दुपारी १२.३० ला, हिवाळी वेळेत १.३० ला सुरू होतो आणि शनिवारी त्याच वेळेला संपतो. शुक्रवारी सकाळीच खरेदी उरकली तर तो गुरुवार धरला जातो, आणि कलाकाराला जादा काही मिळत नाही.

कार्ड नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा अल्बमपुरती ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. बँक परकीय चलनाचा अधिभार आणि त्या अधिभारावर जीएसटी लावते. रुपयांत भरण्याचा पर्याय समोर आला तर घेऊ नका, डॉलर किंवा पौंडातच भरा. रुपयांतला दर बहुधा महाग पडतो. तबकडी मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी धरा, नाहीतर एका एलपीच्या खर्चात तीन-चार डिजिटल अल्बम बसले असते हे नंतर लक्षात येतं.

नुसतं स्ट्रीमिंग का पुरत नाही? स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही. शिवाय १४ मिनिटांची रचना आणि २ मिनिटांचं गाणं, दोन्हींची मोजणी एकेकच. लांब रचना वाजवणाऱ्या चौकडीला हा हिशेब सगळ्यात जाचक आहे.

एक उपयोगी खिडकी: बँडकॅम्पवर अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं असतात. ज्यानं वहीतले तीन अल्बम घेतले आहेत अशा माणसाचा संग्रह उघडा. कुठल्याही यंत्राच्या शिफारशीपेक्षा तो जास्त कामाचा.

नोंद ६: फायली

फ्लॅकच घ्या, त्या प्रकारच्या फाईलमध्ये मूळ आवाजातलं काही गळत नाही. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला मिनिटाला साधारण ५-६ एमबी, म्हणजे ४५ मिनिटांचा अल्बम २५० एमबीच्या आसपास. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असेल तर तोच ९०० एमबीच्या घरात जातो. एमपी३चा खरा त्रास जोडरचनांमध्ये होतो: फाईलच्या दोन्ही टोकांना कोडरची किंचित शांतता चिकटते आणि सलग चालणाऱ्या दोन ट्रॅकमध्ये खाच ऐकू येते.

दुसरीकडून आलेली फ्लॅक शंकास्पद वाटली तर आवाजातल्या पट्ट्यांचं चित्र दाखवणाऱ्या स्पेक या प्रोग्रॅममध्ये उघडा. १६ किलोहर्ट्झवर सरळ कापलेली कडा दिसली तर ती बहुधा १२८ केबीपीएसच्या एमपी३ पासून केलेली. २०च्या आसपास असेल तर ३२०ची शक्यता. तपासणी झांजेचा जोरदार आघात असेल तिथेच करा. नुसता बास आणि ब्रश चालू असलेल्या भागात वरच्या पट्टीत मुळातच फारसं काही नसतं आणि चांगली फाईल उगाच बदनाम होते.

बँडकॅम्पच्या फायलींत लीडर, अल्बम, ट्रॅक एवढीच माहिती येते. वादक येत नाहीत. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या फायलींत माहिती भरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅक आणि रिलीझ रिलेशनशिप्सचे पर्याय चालू करा, म्हणजे वादक आणि वाद्यं 'परफॉर्मर' या टॅगमध्ये उतरतात. मोबाईलवरची बरीच अ‍ॅप हा टॅग दाखवत नाहीत, म्हणून तीच यादी 'कॉमेंट'मध्येही भरावी. म्युझिकब्रेन्झवर वादकांची माहितीच नसेल तर पिकार्ड रिकामं देईल. मग बँडकॅम्पच्या पानावरच्या श्रेयनामावलीतून ती तिथे स्वतः भरा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढच्या शोधणाऱ्याला ते आयतं मिळतं.

पुढच्या भागासाठी

सारथी कोरवारचा 'मोअर अरायव्हिंग' (२०१९, द लीफ लेबल). कोरवार तबला पुण्यात शिकला, आणि 'मुंबे' या ट्रॅकवर स्वदेशी या हिप-हॉप गटाचा एमसी मवाली आहे. बॅरिटोन सॅक्सोफोनवरच्या टेमर ऑझबोर्नकडून कलोक्युटर या बँडकडे जायचं. त्याशिवाय मुंबईत जन्मलेला गोव्याचा गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा: १९७२ मध्ये लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेला त्याचा 'कोकण डान्स' बाहेर आला तो थेट २००६ मध्ये. त्याच्या साथीदारांच्या ओळी अजून भरायच्या आहेत.