चौथा सिलेंडर

गाडी टो होऊन आली तेव्हा मुलाच्या हातात एक खोकं होतं. आत नवा कोरा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आधीच्यापेक्षा एक साइज मोठा. "काका, टर्बो गेलाय. निळा धूर मारतेय आणि ओढत अजिबात नाही. हा बसवून द्या."

गाडी माझ्या ओळखीची होती. छोटी हॅचबॅक, १.६ लिटर, कारखान्यातून बिनटर्बोची आलेली. टर्बोचं किट त्याने दुसरीकडून बसवून घेतलं होतं, पण आठ महिन्यांपूर्वी ती डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मीच चढवली होती. ०.६ बार बूस्टला, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला, हवा-इंधनाचं प्रमाण १२ ला १ आलं. बूस्टवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला ते ठीक असतं. तसा ग्राफ काढून मी त्याच्या हातात दिला. तो कागद त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये जपून ठेवला होता. नंतर दिवसभर ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

आधी टर्बोच बघितला. इनटेकचा पाइप काढून शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून हलवलं. बाजूने अगदी किंचित हलला. तेलाच्या थरावर फिरणाऱ्या बेअरिंगला तेवढा प्ले असतोच. पुढेमागे काहीच नाही. पाती शाबूत, कुठे घासल्याची खूण नाही. मिनिटाला दीड-दीड लाख फेरे घेणारी वस्तू बिघडली की खुणा सोडतेच. "टर्बो चांगला आहे," मी म्हटलं.

"मग धूर कुठून येतो?"

प्रश्न रास्त होता. टर्बोला तेल मिळतं ते पंपाच्या दाबाने, पण परतताना ते फक्त उताराने, आपल्या वजनाने खाली सम्पमध्ये, इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. सम्पमध्येच दाब साठला तर ते उतरत नाही. टर्बोत तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं. धूर दिसतो टर्बोचा, दुखणं असतं खाली. कितीतरी चांगले टर्बो असे विनाकारण बदलले जातात. मी इंजिन चालू करून ऑइल फिलरचं झाकण न पिळता नुसतं भोकावर ठेवलं. ते थडथड उडायला लागलं. मुलाने माझ्याकडे बघितलं आणि खोकं बाकावर ठेवून दिलं.

मग लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते मोजायचं. पहिला सिलेंडर ७ टक्के, दुसरा ६, तिसरा ८. चौथा ५८. डिपस्टिकच्या नळीला कान लावला तर हवा सरळ खाली जाताना ऐकू येत होती. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, गडबड पिस्टनभोवतीच्या रिंगांपाशी. चौथा प्लग भिंगाखाली धरला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपूड भुरभुरावी तसे बारीक चकचकीत ठिपके होते. ते ॲल्युमिनियमचे असतात, पिस्टनचे.

दुपारपर्यंत हेड आणि सम्प उतरवून चौथा पिस्टन बाहेर काढला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड, जिला आम्ही लँड म्हणतो, तिचा नखाएवढा तुकडा सुटला होता आणि दोन रिंगांमध्ये जागच्या जागी अडकून वर-खाली करत होता. बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, उभे ओरखडे. पिस्टनचं डोकं मात्र कुठेही वितळलेलं नव्हतं. डोकं वितळलं तर उष्णतेचं काम, लँड तुटली तर नॉकिंगचं. ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडीसारखा घाव बसतो. असे घाव ओतीव पिस्टन फार काळ सोसत नाही.

पण चौघांतला एकच का? याचं उत्तर इंजेक्टरच्या बेंचवर मिळालं. चार काचेच्या नळ्या, चार इंजेक्टर, ३० सेकंद पूर्ण उघडे. तीन नळ्यांत १८० मिलीच्या आसपास. चौथीत १५८. आतली जाळी अर्धवट चोंदली होती.

मी खुर्ची ओढून बसलो आणि कागदावर हिशेब मांडला. माझा सेन्सर टर्बोच्या पुढे, चारही सिलेंडरांचा धूर एकत्र झाल्यावर बसवलेला. त्याने १२ दाखवले ती चौघांची सरासरी होती. एक इंजेक्टर १२ टक्के कमी देत असेल तर तिघांत ११.६ आणि चौथ्यात १३.२, म्हणजे बूस्टवर चालायला इंधन कमी. भरीला हवेचं तापमान: ३० अंशांची हवा ०.६ बारने दाबली की कूलरच्या आधी ती ९० अंशांच्या घरात जाते. इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, १०.५ ला १, बिनटर्बोच्या हिशेबाने ठेवलेलं. मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, बूस्ट ठाऊकच नाही. किटवाल्याने मध्ये एक पेटी लावून त्याला खोटे सिग्नल पाठवायची सोय केली होती. गरम दिवस, लांब चढण, दाबलेला ॲक्सिलरेटर. चौथा सिलेंडर मार खात होता आणि माझ्या कागदावर सगळं आलबेल होतं. इंजेक्टर बेंचवर लावायला अर्धा तास लागतो. आठ महिन्यांपूर्वी तो मी दिला नव्हता. हे मी मुलाला तसंच सांगितलं. तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

माझ्या मांडणीवर त्याच कुळातल्या इंजिनाचा, पण कंपनीच्या टर्बो आवृत्तीतला एक जुना पिस्टन होता. तो काढून दोन्ही शेजारी ठेवले आणि व्हर्नियर त्याच्या हातात दिला. "दुसरी लँड मोज." त्याच्या पिस्टनची ३.४ मिमी, टर्बोच्या पिस्टनची ४.८. पहिली रिंगही बरीच खाली, आगीपासून दूर. डोक्याला खोलगट बशी, म्हणजे कॉम्प्रेशन कमी. पिन जाड. आणि स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाला, एक अर्धगोल खाच. ती कशाला, असं त्याने विचारलं. ब्लॉकमध्ये तेलाचा फवारा मारणारी नळी असते, पिस्टन खाली आला की तिला वाट द्यायला ती खाच. पिस्टनचं पोट सतत तेलाने धुऊन गार ठेवतात. त्याच्या ब्लॉकमध्ये त्या नळीसाठी भोकच नव्हतं.

तो बराच वेळ दोन्ही पिस्टन हातात घेऊन उभा होता. एरवी बोनेट उघडल्यावर दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात.

कारखान्यातलं इंजिन चारांतला सगळ्यात दुबळा सिलेंडर, सगळ्यात वाईट पेट्रोल आणि सगळ्यात तापलेला दिवस धरून बांधलेलं असतं. पूर्ण लोडवर शेकडो तास बेंचवर चालवून मग बाजारात येतं. ही समजही एका दिवसात आलेली नाही. १९६२ साली अमेरिकेत पहिल्या दोन टर्बो कार आल्या, दोन्ही तिथल्या हिशेबाने कॉम्पॅक्ट. ओल्ड्समोबिल जेटफायरने कॉम्प्रेशन १०.२५ ला १ ठेवलं आणि नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉलचं मिश्रण सोडणारी टाकी दिली. लोकांनी टाकी वेळेवर भरली नाही आणि पुढे कित्येक गाड्यांवरून टर्बो उतरवावे लागले. शेव्हरोले कॉर्वेअरने मुकाट्याने कॉम्प्रेशन ८ ला १ वर आणलं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साब या स्वीडिश कंपनीने नॉक ऐकून आपणहून बूस्ट उतरवणारी यंत्रणा दिली, तेव्हा कुठे टर्बो रोजच्या गाडीत निश्चिंतपणे नांदायला लागला. माझ्यापुढच्या किटची जातकुळी जेटफायरची होती, फक्त ती टाकीही नव्हती.

म्हणून कंपनीच्या टर्बोला काही होत नाही असं नाही. त्याच दुपारी एक ताई एक लिटरची, तीन सिलेंडरची टर्बो घेऊन आल्या. चढावर कधीतरी ठक्‌ असा एकच आवाज येतो म्हणाल्या. मी शेजारी बसून चक्कर मारली. वरच्या गिअरमध्ये, १५०० फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत अशा वेळी तेल-इंधनाचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो. तेलातल्या कॅल्शियमने हे वाढतं, म्हणून इंजिन तेलाच्या २०२० च्या एपीआय एसपी दर्जात याची वेगळी चाचणी आहे. त्यांच्या गाडीत जुन्या दर्जाचं तेल होतं. ते बदललं, आणि चढ आला की एक गिअर खाली घ्या म्हणून सांगितलं. त्या निघाल्या तेव्हा मुलगा अजून बाकावर बसून होता.

"काका, ही विकून सरळ कंपनीची टर्बो घेऊ का?"

"रोज कामावर न्यायची असेल तर घे. वॉरंटी मिळेल, झोप लागेल. पण हीच ठेवायची असेल तर टर्बोपासून सुरुवात करू नकोस." आणि मी यादी लिहून दिली. फोर्ज्ड, म्हणजे घडीव पिस्टन, कॉम्प्रेशन ९ ला १. स्टीलच्या थरांचं हेड गॅस्केट. बेंचवर जुळवलेले चार इंजेक्टर. बूस्ट समजणारा स्वतंत्र ईसीयू. चारही एक्झॉस्ट नळ्यांत वेगवेगळे तापमान-सेन्सर. बूस्ट सगळ्यांच्या शेवटी, आणि आधीपेक्षा कमी. बोअर घासायची मजुरी आणि डायनोचे तास माझ्याकडून, हेही त्यात लिहिलं. तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

तीन महिन्यांनी गाडी पुन्हा डायनोवर चढली. प्रत्येक रननंतर चारही प्लग काढून ओळीने मांडले, तोही प्रत्येकावर भिंग धरून बघत होता. शेवटच्या रनला ०.५ बारवर चार नळ्यांच्या तापमानाचे आकडे आले: ८५८, ८६५, ८६०, ८७१. चौथा अजूनही थोडा तापट. त्याच्या इंधनात २ टक्के वाढवले आणि पुन्हा रन घेतला. टर्बो जुनाच आहे. नवा अजून खोक्यात, माझ्याच मांडणीवर.