सुई टोचली तर ७२ तास नव्हे, २ तास मोजा

वापरलेल्या सुईला परत टोपण घालायला जावं आणि बोटाला टोचावं, हा वॉर्डातला नेहमीचा प्रकार. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयापासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत अशा वेळचे दोन आकडे सिस्टरांना पाठ असतात: एचआयव्हीची लागण टाळायला ७२ तासांच्या आत पहिली गोळी, पुढे २८ दिवस. पण हे आकडे आले कुठून, ते फारसं कुणी सांगत नाही. मग ‘ड्युटी संपू दे, उद्या बघू’ असं होतं, नाहीतर मळमळतं म्हणून दहाव्या दिवशी गोळी बंद होते. या दोन्ही गोष्टी का चालत नाहीत, ते माकडांवरच्या प्रयोगांतून कळतं.

एसआयव्ही हा एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद. आफ्रिकेतल्या ४० हून अधिक जातींच्या माकडांत आणि वानरकुळात तो आढळतो. एचआयव्ही-१ आला चिंपांझीकडून, एचआयव्ही-२ सूटी मँगाबे या माकडाकडून. गंमत म्हणजे मँगाबेच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, तरी ते सहसा आजारी पडत नाही. लागणीनंतर त्याची प्रतिकारयंत्रणा भडकते आणि काही आठवड्यांत शांत होते. तोच विषाणू आशियाई मकाक माकडात गेला की यंत्रणा भडकलेलीच राहते, आतड्यातल्या सीडी-४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच झपाट्याने संपतात आणि पुढे एड्स होतो. म्हणून प्रयोगाला मकाक घेतात. त्यातही भारतीय वंशाच्या ऱ्हीसस माकडात आजार चिनी वंशाच्या ऱ्हीससपेक्षा वेगाने वाढतो. आपण १९७८ मध्ये माकडांची निर्यात बंद केली, पण परदेशात आधीच गेलेल्यांची पिल्लावळ आजही प्रयोगशाळांत आहे.

जाता जाता: वेरूळ-अजिंठ्याच्या वानरांत किंवा गावात येणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांत एसआयव्ही नसतो. माकड चावल्यावर एड्सची नव्हे, रेबीजची काळजी करा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

आता मूळ प्रयोग. त्साय या संशोधकाच्या गटाने १९९८ मध्ये लांब शेपटीची २४ मकाक माकडं घेतली, चार-चारांचे सहा गट केले. विषाणू थेट शिरेत दिला, तोही निम्म्या माकडांना लागण करणाऱ्या मात्रेच्या दहापट. औषध टेनोफोविर, दर किलो वजनाला रोज ३० मिलिग्रॅम. औषध न मिळालेल्या चारही माकडांना दोन आठवड्यांत लागण झाली. २४ तासांनी सुरू करून २८ दिवस औषध दिलेली चारही सुटली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केलं तेव्हा २८ दिवस देऊनही तेवढं संरक्षण मिळालं नाही. २४ तासांनीच सुरू केलं पण १० दिवसांत थांबवलं, तर निम्मीच सुटली. ३ दिवसांत थांबवलं त्या गटातलं एकही पूर्ण सुटलं नाही.

टेनोफोविर विषाणूला मारत नाही. विषाणू पेशीत शिरल्यावर आपल्या आरएनएचा डीएनए करतो, ते काम ते अडवतं. ज्या पेशींत हे काम आधीच उरकलंय, त्यांच्यावर त्याचा इलाज नाही. त्या पेशी विषाणू सोडत राहतात आणि औषध नव्या पेशींचं दार बंद ठेवतं, जुन्या पेशी मरेपर्यंत. दहाव्या दिवशी दार उघडलं तर आत कुणी शिल्लक असू शकतं. उशिराचं काय होतं, तेही २०१४ मध्ये दिसलं. ऱ्हीसस माकडांत लागणीनंतर तिसऱ्या दिवशी, रक्तात विषाणू दिसायच्या आधीच, पूर्ण उपचार सुरू केले. २४ आठवड्यांनी थांबवले, तर विषाणू परत आला. म्हणजे तीन दिवसांत त्याने लपायची जागा धरली होती.

माणसाचं गणित अगदी असंच नसतं. शिरेत दहापट मात्रा कुठे आणि सुईच्या टोकावरचं रक्त कुठे. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचून लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. पण माणसांच्या एका गटाला मुद्दाम औषध न देता हा प्रयोग करता येत नाही, म्हणून माकडांचा पुरावा मोलाचा. आमच्या मते भिंतीवरच्या तक्त्यात ७२ हा आकडा मोठा छापणं चूकच आहे. ती शेवटची गाडी आहे. मोठा छापायचा तर २ तास, पहिली गोळी शक्यतो तेवढ्यात पोटात जायला हवी.

सुई टोचली की साबण-पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका. पेशंटच्या रिपोर्टची वाट न बघता पहिली गोळी घ्या. पेशंट निगेटिव्ह निघाला तर डॉक्टर थांबवतील. रोजची एकच गोळी असते: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. लोह, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीचं मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवालं औषध सोबत घेतलं तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. त्यामुळे ही गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. मळमळ झाली तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्या, पण बंद करू नका.

सुरुवातीलाच एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि हिपॅटायटीस बी या तपासण्या होतात. शेवटची महत्त्वाची, कारण टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन बीच्या विषाणूवरही चालतात. ज्यांना बी आहे, त्यांनी २८ दिवसांनी गोळ्या अचानक थांबवल्या तर यकृताची सूज उसळू शकते. अशांनी थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. पुढच्या एचआयव्ही तपासण्या ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. तोवर निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही.