कापसाच्या वजनाची नोंद, आवाजातून

छत्रपती संभाजीनगरच्या हॅकथॉनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत ॲप बनवण्याच्या स्पर्धेत, गळ्यात अडकवायच्या एआय उपकरणासाठी ॲप तयार करायचे होते, तेव्हा आमच्या गटाने कापसाची वेचणी हा विषय निवडला. मराठवाड्यात वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते. संध्याकाळी काट्याला गाठोडे लागते, दोन्ही हात गुंतलेले असतात आणि वहीत आकडा उतरवायला आणखी एक माणूस लागतो. स्क्रीन नसलेल्या अशा उपकरणासाठी याहून योग्य काम मला दिसत नाही.

उपकरणाचा मायक्रोफोन ब्लूटूथवरून मोबाइलकडे आवाज पाठवतो, तिथे त्याचा मजकूर होतो आणि त्यातून नाव व वजन वेगळे काढले जाते. आवाजाचा मजकूर करण्यासाठी ओपनएआयने २०२२ मध्ये खुले केलेले व्हिस्पर हे मॉडेल घेतले, कारण ते मराठी ओळखते आणि इंटरनेटशिवायही चालवता येते.

खरा कस पुढे लागला. ‘साडेतेवीस’ म्हणजे २३.५ आणि ‘पावणेवीस’ म्हणजे १९.७५ हे ठरवणारे नियम आम्ही स्वतः लिहिले, कारण कष्टाची मजुरी अंदाजावर सोडणे मला अन्यायाचे वाटते. म्हणूनच प्रत्येक नोंद मोबाइल मोठ्याने वाचून दाखवतो आणि वेचणाऱ्या बाईने ‘बरोबर’ म्हटल्यावरच ती जतन होते. सतत ऐकणारा मायक्रोफोन मात्र आम्ही नाकारला. बटण दाबून धरले तरच ध्वनिमुद्रण होते, कारण काट्याभोवती चालणाऱ्या घरच्या गोष्टींवर आमचा हक्क नाही. आता परभणी-नांदेडकडच्या ‘करायलो’, ‘जायलो’ अशा बोलीतले, शेतातल्या वाऱ्यासह टिपलेले आवाजाचे नमुने संमतीने जमवून चाचणी घ्यायची आहे.