दारू थांबली, हिशेब तसाच

शनिवार, रात्री

दारू सोडली की हातांची थरथर साधारण आठवड्याभरात थांबते. भूक परत येते, झोप लागू लागते आणि घरचे सुटल्यासारखे होतात. मला खरी काळजी वाटते ती तिथून पुढची. दारू अंगातून उतरते, पण ती मिळवायला आणि लपवायला इतकी वर्षं जे डोकं चालवलेलं असतं, ते तसंच चालू राहतं.

आज आमच्या व्यसनमुक्तीच्या गटात एका माणसाच्या बोलण्यातून हेच निघालं. (त्या माणसाला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) तो सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला असतो. गेले कित्येक महिने थेंब घेतलेला नाही. बोलता बोलता सहज सांगून गेला की कारखान्यातून दोन टॉवेल घरी नेले. कोणीतरी हटकलं, तर म्हणाला, "मी दारू सोडलो की मॅडम! शेठ एवढं कमावतो, दोन टॉवेलनं काय गरीब होतो का?"

मी त्याला चोर म्हटलं नाही. विचारलं, टॉवेलला हात लावायच्या आधी मनात कोणतं वाक्य आलं? जसं आलं तसं सांग. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ओव्हरटाइमचे पैसे बुडवले माझे. माझंच येणं आहे."

माझंच येणं आहे. पीत होता तेव्हा बायकोच्या डब्यातले पैसेही याच वाक्यावर काढायचा. ती हजार विड्यांमागे मजुरी मिळवणारी बाई, आणि हा म्हणायचा, मी राबतो, माझा हक्क आहे. ही जोडणी त्याला मी करून दिली नाही, समोर बसलेल्या एका वयस्कर मामांनी करून दिली. "डब्यातले काढताना पण हेच म्हणायचास की." त्यावर त्याने मान खाली घातली. मला हे फार मोलाचं वाटलं. माझ्याकडून ऐकलं असतं तर त्याने वाद घातला असता.

ग्लेन वॉल्टर्स नावाच्या, अमेरिकेतल्या तुरुंगात काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाने गुन्ह्याला वाट करून देणाऱ्या अशा विचारांचे आठ प्रकार मांडलेत. आमच्या गटात त्यातले बहुतेक रोज ऐकू येतात, आपापल्या बोलीत. "मालकानंच ही वेळ आणली." "मरू दे तिकडं", आणि त्या क्षणी पोरांची फी, डॉक्टरांचा शब्द, सगळं मनातून पुसलं जातं. "मला काय होत नाही." सगळ्यात अवघड मला वाटतो तो मायेचा मुखवटा. बायकोचे पैसे उचलायचे आणि संध्याकाळी पोरांना जिलेबी न्यायची. पोरं गळ्यात पडली की स्वतःला वाटतं, आपण तर चांगलाच माणूस. ती माया खोटी नसते, म्हणून तर तिला हात घालणं कठीण जातं.

आणि रस्ता. कामावरून सुटल्यावर सरळ घरी यायचं सोडून एखादा मित्राला भेटायला म्हणून लांबचा रस्ता धरतो, आणि त्या रस्त्यावर देशीचं दुकान असतं. प्यायचं ठरलेलं नसतं, असं तो शपथेवर सांगतो, आणि ते खरंही असतं. पण ठरवणं त्या वळणावरच झालेलं असतं. म्हणून वहीत आम्ही "प्यालो की नाही" एवढंच लिहून घेत नाही, कुठून आलो, कोणाला काय सांगून आलो, हेही लिहायला लावतो. 1935 साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतली दहावी पायरी हीच आहे: स्वतःची झडती सतत घेत राहायची आणि चुकलं तिथे लगेच कबूल करायचं.

टॉवेलचं काय करायचं यावर आज खूप वेळ गेला, आणि जावा असंच मला वाटत होतं. कोणी म्हणालं, गुपचूप परत ठेव. मला ते पटलं नाही. गुपचूप नेणं आणि गुपचूप ठेवणं, दोन्हीत लपवाछपवी राहतेच, आणि त्याच्या आजारात तीच सर्वांत जुनी आहे. दुसरा म्हणाला, शेठला जाऊन सांग. पण नोकरी गेली तर घर कशावर चालणार? नवव्या पायरीतही म्हटलंय की भरपाई करताना कोणाला इजा होत असेल तर थांबावं. शेवटी ठरलं की आज रात्री आधी बायकोला सांगायचं. मग मुकादमाकडे दोन गोष्टी वेगवेगळ्या न्यायच्या: टॉवेलची किंमत भरायची, आणि बुडालेल्या ओव्हरटाइमबद्दल उघड विचारायचं. त्याची तक्रार खरी असू शकते. तक्रार खरी असली की मन लगेच स्वतःच वसुली सुरू करतं, तिथे त्याला थांबायला शिकायचंय.

आता मला खटकत असलेली गोष्ट. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात योकेल्सन आणि समेनाऊ या दोघांनी गुन्हेगारांच्या विचारपद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं, 1976 साली त्याचा पहिला खंड आला. दिवसभरातले विचार जसेच्या तसे सांगायला लावायची त्यांची रीत आम्ही आजही वापरतो. पण "गुन्हेगारी व्यक्तिमत्त्व" हे त्यांनी दिलेलं नाव मी सोलापुरात उच्चारू शकत नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर आपल्याकडेही लागू झाला आणि या शहरात माणसं तारेच्या कुंपणाआड, "सेटलमेंट" म्हणत त्या वसाहतीत ठेवली गेली, हजेरी देऊन गिरणीत कामाला जाणारी. त्या जमातींत बाळ जन्मलं की ते गुन्हेगारच. कायदा 1952 साली रद्द झाला, पण सेटलमेंट हे नाव अजून पत्त्यात आहे आणि तिथल्या पोरांकडे बघायची नजरही. त्याच जिल्ह्यात 2021 साली तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना "ऑपरेशन परिवर्तन" झालं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांपुढे पोलीस दुसऱ्या रोजगाराचा विषय घेऊन गेले. छापे त्याआधीही पडतच होते. पोट भरायचा दुसरा मार्ग दिसल्याशिवाय जुना विचार सोड म्हणणं अर्धवट आहे, हे तिथे कोणीतरी ओळखलं.

आमच्या दाखल फॉर्मवर एक रकाना आहे: "गुन्हेगारी प्रवृत्ती: होय / नाही." टॉवेलवाल्याच्या फॉर्मवर "होय" वर खूण आहे, कोणी केली माहीत नाही. सोमवारच्या बैठकीत मी तो रकाना काढायला सांगणार आहे. त्या जागी तीन मोकळ्या ओळी हव्यात: काय घडलं, आधी मनात कोणतं वाक्य आलं, आणि पुढच्या वेळी ते आलं तर कोणाला फोन करणार. खूण त्याच्या कागदावर कायमची राहील. ओळी दर आठवड्याला नव्या लिहिता येतील, आणि त्या तोच लिहील.