आवाज आत येतो कुठून?

जुन्या ट्रॅव्हलरचं कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतलेले काका-काकू आमच्या वर्कशॉपला आले ते ठरवूनच. "आत फार आवाज येतो. सगळ्या गाडीला आवाज अडवणारी शीट मारा, बिलाचं बघू." गिऱ्हाईक असं म्हणालं की खरं तर गप्प बसावं. पण आधी चक्कर मारली, तीही एक्स्प्रेसवेवर. तिथल्या काँक्रीटवर टायर डांबरापेक्षा जास्त गातात. 80 च्या वेगात क्षणभर न्यूट्रल केलं. इंजिनाची घरघर बसली, मागची हूंऽऽ मात्र तशीच. म्हणजे टायर, आणि तोही उजव्या कोपऱ्यातून.

पलंगाचा प्लाय उचलला. खाली थर्माकोल. उन्हाला ते थोडंफार अडवतं, पण आवाज अडवायला अंगात वजन लागतं. ते काढलं तर व्हील आर्चला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला, दोन बोटं जातील एवढं भोक. आधीच्या कारागिराने इन्व्हर्टरची केबल न्यायला पाडलेलं, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग) न लावता. वाकून पाहिलं तर टायरची नक्षी दिसत होती!

"एवढ्याशा भोकाने काय होतंय?" काका म्हणाले.

"धरण कितीही जाड बांधा काका, फट राहिली की पाणी येणारच."

ग्रोमेट, सीलंट, सरकत्या दाराचं बीडिंग आणि इंजिन कव्हरखालचं कडक झालेलं रबर, एवढं आधी बदललं. मग शीटचं काम. पत्र्यावर टिचकी मारायची. 'ठण' वाजला की तिथे ब्युटाइल, म्हणजे वर फॉइल असलेली चिकट रबरी शीट. ते पत्र्याची थरथर मारतं, म्हणून मोठ्या पत्र्याच्या मधला पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी भागतं. थिनरने पुसून, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवायचा. फरशी आणि व्हील आर्चवर मात्र फोम आणि त्यावर जड व्हिनाइल, कुठेही खंड न ठेवता. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी सोडली, नाहीतर एका पावसाळ्यात पत्रा गंजतो.

त्याच रस्त्यावर, त्याच वेगात आवाजाचा मीटर आधीपेक्षा 6 डेसिबलने उतरला. आकडा लहान दिसतो, पण आवाजाची ऊर्जा पावपट झाली.

"थोडं हूं अजून आहे," काका म्हणाले.

टायरच्या कडेवरचे आकडे दाखवले: 1516, म्हणजे 2016 चा 15 वा आठवडा.

"नक्षी तर भरपूर आहे की!"

"नक्षी आहे, पण रबराचं लाकूड झालंय. नख रुतवून बघा."

काकूंनी रुतवून पाहिलं आणि टायरवाल्याचा नंबर मागितला.