आज लुसील बॉल हसवायला आली नव्हती

सकाळपासून पावसाची पिरपिर, बाहेर पडायचा कंटाळा. दुपारी ‘ल्युर्ड’ हा सिनेमा लावला. १९४७चा, डग्लस सर्कचा.

लुसील बॉल म्हटलं की मला आठवते ती ‘आय लव्ह लुसी’ या विनोदी टीव्ही मालिकेतली, तोंडात चॉकलेटं कोंबणारी बाई. पण ती मालिका १९५१ला सुरू झाली, हा सिनेमा त्याआधीचा. इथे ती लंडनमध्ये पैसे घेऊन गिऱ्हाइकांसोबत नाचणारी अमेरिकन मुलगी. मैत्रीण गायब होते. खुनी पेपरातल्या छोट्या जाहिरातींतून मुली गाठतो आणि पोलिसांना कविता धाडतो, त्याही फ्रेंच कवी बोदलेरच्या वळणाच्या! मग स्कॉटलंड यार्ड हिलाच आमिष म्हणून पुढे करतं.

तिचा फटकळपणा तोच, फक्त भोवती धुकं नि सावल्या. बोरिस कार्लॉफ वेडा ड्रेस डिझायनर होऊन येतो, तेव्हा हसू की घाबरू कळेना. (मधलं प्रेमप्रकरण जरा रेंगाळतं. नायक जॉर्ज सँडर्सच्या आवाजासाठी माफ.)

आई शेजारी मेथी निवडत होती. “हसवणारी बाई म्हणालास ना? मग मला का धडधडतंय?”

खुनी कोण ते तिने माझ्याआधी ओळखलं. मेथी मात्र अजून अर्धीच निवडून झालीय.